तीन खेळाडू आणि एक जर्सी: अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने ४४ नंबरसाठी पिनकोडही मागून घेतला, त्याची गोष्ट

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज नावाचं एक शहर आहे. न्यूयॉर्क म्हटलं की डोळ्यासमोर उंच इमारती येतात, पण हे शहर तिथून बरंच लांब, राज्याच्या मधल्या भागात आहे आणि तिथल्या प्रचंड बर्फासाठी ओळखलं जातं. तिथल्या सिराक्यूज विद्यापीठाचा पिनकोड आहे १३२४४. यातला शेवटचा ४४ आपोआप आलेला नाही, विद्यापीठाने तो टपाल खात्याकडून मागून घेतला. विद्यापीठातले फोन नंबरही ४४३ ने सुरू होतात. तेही मुद्दामच.

हा ४४ म्हणजे कुठलं स्थापना वर्ष नाही की कुणाचा लकी नंबर नाही. तो एका जर्सीवरचा आकडा आहे. जिम ब्राउन, अर्नी डेव्हिस आणि फ्लॉइड लिटल हे तीन अमेरिकन फुटबॉलपटू १९५४ ते १९६६ या काळात एकामागून एक ही जर्सी घालून खेळले. तिघेही कृष्णवर्णीय, तिघेही एकाच जागेवर खेळणारे आणि तिघांचंही नाव पुढे देशभर झालं. त्यातला एक व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना न खेळता २३ व्या वर्षी गेला.

आधी थोडं खेळाबद्दल

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं असतं, समोरचे खेळाडू अंगावर येऊन आडवं करायचा प्रयत्न करतात आणि त्यांना चुकवून मैदानाच्या टोकापर्यंत पोचायचं असतं. पोचलात की टचडाउन, म्हणजे ६ गुण. त्यानंतर चेंडू लाथाडून खांबांच्या मधून घातला की आणखी १ गुण. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर.

चेंडू घेऊन पळण्याचं मुख्य काम ज्याच्याकडे असतं तो रनिंग बॅक. खेळाडूने किती यार्ड पळून काढले यावर त्याची किंमत ठरते, आपल्याकडे फलंदाजाच्या धावा मोजतात तशी. ब्राउन, डेव्हिस आणि लिटल तिघेही हेच काम करायचे.

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल हे केवढं प्रकरण आहे, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. हजारोंची स्टेडियम भरतात, टीव्हीवर सामने दिसतात आणि व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, जाण्याचा रस्ता कॉलेजमधूनच जातो. दरवर्षी एनएफएलचे संघ कॉलेजमधल्या खेळाडूंची क्रमाने निवड करतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला हाइझमन ट्रॉफी मिळते. हे दोन शब्द पुढे वारंवार येतील.

ब्राउनच्या आधीचा सिदत-सिंग

४४ च्या गोष्टीत शिरण्याआधी विल्मेथ सिदत-सिंग हे नाव सांगायला हवं. त्याचा नंबर ४४ नव्हता, पण सिराक्यूजमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूला काय सोसावं लागत होतं ते त्याच्या गोष्टीतून कळतं. शिवाय यात भारताचाही धागा आहे.

विल्मेथचा जन्म १९१८ चा, वॉशिंग्टनमधल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबातला. वडील लवकर गेले. आईने नंतर सॅम्युएल सिदत-सिंग या भारतीय वंशाच्या डॉक्टरशी लग्न केलं आणि त्यांनी विल्मेथला दत्तक घेतलं, म्हणून हे आडनाव. सिराक्यूजमध्ये तो बास्केटबॉल आणि फुटबॉल दोन्ही खेळायचा. आडनावामुळे वर्तमानपत्रांनी त्याला 'हिंदू' ठरवून टाकलं. त्या काळात अमेरिकेत भारतातून आलेल्या कुणालाही सरसकट हिंदू म्हणायचे. भारतीय खेळाडू चालत होता, कृष्णवर्णीय चालत नव्हता, असा तो सगळा मामला.

१९३७ मध्ये मेरीलँडविरुद्धच्या सामन्याआधी एका कृष्णवर्णीय वर्तमानपत्राने तो मूळचा कोण हे छापलं. मेरीलँडचा संघ कृष्णवर्णीय खेळाडूसमोर उतरायला तयार नव्हता. सिराक्यूजने सामना रद्द केला नाही, विल्मेथला बाहेर बसवलं आणि सामना हरला. पुढच्या वर्षी मेरीलँडचा संघ सिराक्यूजला आला, विल्मेथ खेळला आणि सिराक्यूजने ५३-० असा धुव्वा उडवला. दुसऱ्या महायुद्धात तो टस्कीगी एअरमेन या कृष्णवर्णीय वैमानिकांच्या तुकडीत दाखल झाला आणि १९४३ मध्ये सरावाच्या उड्डाणात मारला गेला. विद्यापीठाने त्याची बास्केटबॉलची जर्सी गौरवली ती २००५ मध्ये. म्हणजे ६८ वर्षांनी.

जिम ब्राउन: ज्याला कुणी बोलावलंच नव्हतं

जिम ब्राउनचा जन्म १९३६ चा, जॉर्जिया राज्यातल्या एका बेटावरचा. आठव्या वर्षी तो न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेटमध्ये आईकडे आला. शाळेत तो फुटबॉल, बास्केटबॉल, लॅक्रोस, बेसबॉल, ॲथलेटिक्स असं सगळंच खेळायचा आणि सगळ्यात पुढे असायचा. असा मुलगा म्हटल्यावर विद्यापीठांनी दारात रांग लावली असेल असं वाटतं. सिराक्यूजच्या बाबतीत उलटं होतं.

केनेथ मोलॉय नावाचे मॅनहॅसेटमधले एक वकील सिराक्यूजचे माजी विद्यार्थी होते. ब्राउनने तिथेच जावं असा त्यांचा आग्रह होता. पण विद्यापीठ शिष्यवृत्ती द्यायला तयार नव्हतं. मग मोलॉय यांनी गावातल्या लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि ब्राउनच्या पहिल्या वर्षाचा खर्च भागवला. ब्राउनला मात्र आपल्याला शिष्यवृत्ती मिळालीय असंच सांगितलं होतं. खरं काय ते त्याला नंतर कळलं.

सिराक्यूजमध्ये तो संघातला एकटा कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्याला इतर खेळाडूंपासून वेगळं ठेवलं गेलं आणि संघात त्याचा क्रमांक अगदी खालचा होता. प्रशिक्षक बेन श्वार्ट्झवॉल्डर दुसऱ्या महायुद्धात पॅराशूट तुकडीत लढलेले, शिस्तीचे कडक. ब्राउनला संधी मिळाली ती वरचे खेळाडू जखमी झाल्यावर. आणि एकदा मिळाल्यावर ती परत घेणं कुणाला जमलं नाही.

४४ नंबर त्याने निवडला असेल, त्यात काही अर्थ असेल, असं शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. तेव्हा तो फक्त एक आकडा होता. विद्यापीठात १९२० च्या दशकापासून तो कुणा ना कुणाच्या पाठीवर होताच.

१९५६ चा मोसम ब्राउनचा शेवटचा. आठ सामन्यांत ९८६ यार्ड. त्यातला कोलगेट विद्यापीठाविरुद्धचा सामना आजही सांगितला जातो. ब्राउनने सहा टचडाउन केले आणि त्यानंतरच्या सात किकही त्यानेच मारल्या. सहा सख्खं छत्तीस आणि सात, एकूण ४३ गुण. सिराक्यूज जिंकलं ६१-७ ने. म्हणजे संघाच्या दर दहा गुणांपैकी सात एकट्या ब्राउनचे.

मोसमाच्या शेवटी टेक्सासमध्ये कॉटन बोल हा मानाचा सामना झाला. समोर टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ. ब्राउनने २१ गुण केले, पण त्याची एक किक समोरच्याने अडवली. सिराक्यूज हरलं २८-२७ असं, एका गुणाने.

त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी मिळाली नोत्र दामच्या पॉल हॉर्नुंगला. हॉर्नुंग चांगला खेळाडू होता, त्यात वाद नाही. पण त्याचा संघ त्या मोसमात १० पैकी ८ सामने हरला होता. ब्राउन मतदानात पाचवा आला. कृष्णवर्णीय खेळाडूला तोपर्यंत ही ट्रॉफी एकदाही मिळालेली नव्हती, आणि पाचव्या क्रमांकाचं दुसरं कारण शोधायला फार कष्ट घ्यावे लागतात.

पुढे ब्राउन क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये गेला. संघाचं नाव आणि त्याचं आडनाव सारखं असणं हा निव्वळ योगायोग. तिथे त्याने ३२ नंबर घातला. नऊ मोसमांपैकी आठ मोसमांत तो एनएफएलमध्ये सर्वाधिक यार्ड पळणारा खेळाडू होता. एकूण १२,३१२ यार्ड. १९६६ मध्ये तो लंडनला 'द डर्टी डझन' या सिनेमाच्या शूटिंगमध्ये अडकला होता. सराव शिबिराला उशीर झाला म्हणून संघमालकाने दंडाची धमकी दिली. ब्राउनने तिथूनच निवृत्ती जाहीर केली. वय वर्षं फक्त ३०.

खेळ सोडल्यावर ब्राउन नागरी हक्कांच्या लढ्यात उघडपणे उतरला. १९६७ मध्ये मुहम्मद अलीने व्हिएतनाम युद्धाला जायला नकार दिला, तेव्हा नामवंत कृष्णवर्णीय खेळाडूंना क्लीव्हलँडमध्ये एकत्र आणून अलीच्या पाठीशी उभं करणारा ब्राउनच होता. पण त्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. स्त्रियांवर हिंसा केल्याचे आरोप त्याच्यावर आयुष्यभर वेळोवेळी झाले. १९९९ मध्ये पत्नीच्या गाडीची तोडफोड केल्याबद्दल कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, आणि कोर्टाने सांगितलेलं समुपदेशन नाकारल्यामुळे २००२ मध्ये तो तुरुंगातही गेला. मैदानावरच्या आकड्यांमुळे हे पुसलं जात नाही.

अर्नी डेव्हिस: एल्मायराचा मुलगा

सिराक्यूजपासून फार लांब नसलेल्या एल्मायरा या गावात एक मुलगा शाळेची मैदानं गाजवत होता. लोकांनी त्याला 'एल्मायरा एक्स्प्रेस' असं नाव दिलं होतं. जन्म १९३९ चा, पेनसिल्व्हेनियातला. लहानपणी आजी-आजोबांकडे वाढला, बोलताना अडखळायचा, नंतर आईकडे एल्मायराला आला.

ब्राउनसाठी शिष्यवृत्ती नव्हती, तर डेव्हिससाठी अनेक विद्यापीठं मागे लागली होती. सिराक्यूजने त्याला पटवायला कुणाला पाठवलं? जिम ब्राउनला. सिराक्यूजमध्ये स्वतः इतकं सोसलेला माणूस दुसऱ्या कृष्णवर्णीय मुलाला तिथे ये म्हणून सांगायला गेला. तिथली परिस्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही आणि तू ती आणखी बदलशील, असा त्याचा सूर होता. डेव्हिस आला आणि त्याला ४४ नंबर मिळाला. हा आकडा आता ठरवून दिला जाऊ लागला होता.

तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. डेव्हिस १९५९ मध्ये पहिल्यांदा मुख्य संघात उतरला आणि त्याच मोसमात सिराक्यूजने ११ पैकी ११ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. फुटबॉलमधलं विद्यापीठाचं हे आजवरचं एकमेव राष्ट्रीय विजेतेपद.

शेवटचा सामना पुन्हा कॉटन बोलचा, १ जानेवारी १९६० ला, टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात, टेक्सास विद्यापीठाविरुद्ध. डेव्हिसच्या मांडीचा स्नायू आधीच दुखावलेला होता. तरी सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना त्याने एक पास झेलला आणि ८७ यार्डांचा टचडाउन केला. सामन्यात धक्काबुक्की झाली. टेक्सासच्या खेळाडूंनी वर्णद्वेषी शिव्या दिल्याचं सिराक्यूजच्या खेळाडूंनी सांगितलं. निकाल २३-१४, सिराक्यूज विजयी आणि डेव्हिस सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू.

त्या रात्री बक्षीस समारंभ होता. दक्षिणेत तेव्हा गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची हॉटेलं, बस, शाळा सगळं वेगळं. डेव्हिसला आणि संघातल्या इतर कृष्णवर्णीय खेळाडूंना सांगण्यात आलं, की बक्षीस घ्यायला या, पण पुढच्या मेजवानीला थांबू नका. म्हणजे ज्याच्यामुळे सामना जिंकला त्यानेच जेवणाआधी उठायचं. त्यानंतर काय झालं याची वर्णनं वेगवेगळी आहेत, पण संघातले गोरे खेळाडूही यावरून भडकले होते, हे बहुतेक सगळे सांगतात.

पुढची दोन वर्षं डेव्हिस खेळत राहिला आणि ब्राउनचे विक्रम मोडत गेला. ब्राउनचे कॉलेजमधले एकूण यार्ड २,०९१. डेव्हिसचे २,३८६. डिसेंबर १९६१ मध्ये हाइझमन ट्रॉफी अर्नी डेव्हिसला मिळाली. ही ट्रॉफी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी त्या दिवशी न्यूयॉर्कमध्येच होते. त्यांनी डेव्हिसला भेटायला बोलावलं आणि दोघांचा हस्तांदोलन करतानाचा फोटो देशभर छापला गेला.

ड्राफ्टमधला पहिला नंबर, आणि मंत्रालयाचा दणका

त्याच महिन्यात एनएफएलचा ड्राफ्ट झाला. पहिली निवड वॉशिंग्टनच्या संघाची होती आणि त्यांनी डेव्हिसला घेतलं. ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिल्यांदा निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. पण वॉशिंग्टनच्या संघाला अचानक पाझर फुटला होता, असं समजू नका.

संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल. एनएफएलमधल्या बाकी सगळ्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू आले होते, फक्त याच्या संघात एकही नव्हता, आणि मार्शलला त्याची लाज वाटत नव्हती. मात्र वॉशिंग्टनमध्ये नवं स्टेडियम झालं ते केंद्र सरकारच्या जमिनीवर. केनेडींच्या मंत्रिमंडळातले स्टुअर्ट युडाल यांच्या खात्याकडे ती जमीन होती. त्यांनी मार्शलला सरळ बजावलं: संघात कृष्णवर्णीय खेळाडू घ्या, नाहीतर स्टेडियम विसरा. मार्शलपुढे पर्यायच उरला नाही.

तरीही डेव्हिस वॉशिंग्टनकडून खेळला नाही. संघाने त्याला क्लीव्हलँडला देऊन बदल्यात बॉबी मिचेल हा कृष्णवर्णीय खेळाडू घेतला. मिचेल पुढे वॉशिंग्टनचा मोठा स्टार झाला. तिकडे क्लीव्हलँडमध्ये जिम ब्राउन होताच. सिराक्यूजचे दोन ४४ एकाच संघात, एकाच वेळी चेंडू घेऊन पळणार, अशी चर्चा सुरू झाली. डेव्हिससाठी ४५ नंबरची जर्सी ठरली.

१९६२ च्या उन्हाळ्यात, कॉलेजमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याची तयारी चालू असताना डेव्हिसला बरं वाटेनासं झालं. तोंडात, मानेवर सूज होती. तपासण्या झाल्या. निदान रक्ताच्या कर्करोगाचं, म्हणजे ल्युकेमियाचं निघालं. तेव्हा या आजारावर आजच्यासारखे उपचार नव्हते. सुरुवातीला डेव्हिसला स्वतःलाही पूर्ण कल्पना दिली गेली नव्हती.

मध्यंतरी आजाराने थोडी उसंत दिली. डेव्हिसला खेळायचं होतं. संघमालक आर्ट मॉडेलला तो खेळावा असं वाटत होतं, प्रशिक्षक पॉल ब्राउन तयार नव्हते. दोघांमधले संबंध आधीच ताणलेले होते, ते आणखी बिघडले आणि १९६३ च्या सुरुवातीला प्रशिक्षकांना काढून टाकण्यात आलं. डेव्हिस मात्र खेळला नाहीच. १९६२ च्या मोसमाआधी क्लीव्हलँडच्या स्टेडियममध्ये एका सराव सामन्याच्या वेळी त्याची प्रेक्षकांशी ओळख करून देण्यात आली. दिवे घालवून फक्त त्याच्यावर प्रकाशझोत टाकला होता. व्यावसायिक मैदानावर तो आला तो एवढाच.

१९६३ मध्ये एका मासिकात त्याचा लेख आला. आपण स्वतःला कमनशिबी समजत नाही, असं त्याने त्यात लिहिलं होतं. १८ मे १९६३ ला तो गेला. एल्मायरामध्ये अंत्यदर्शनासाठी हजारो लोक लोटले. त्याची कबर वुडलॉन दफनभूमीत आहे, लेखक मार्क ट्वेन याच दफनभूमीत आहे. क्लीव्हलँडने ४५ नंबर कायमचा बंद केला, जो त्याने एकाही सामन्यात घातला नव्हता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. जिम ब्राउन वयाच्या ८७ व्या वर्षी गेला. तारीख होती १८ मे २०२३. डेव्हिस गेला त्याला त्या दिवशी बरोबर साठ वर्षं झाली होती.

फ्लॉइड लिटल: दिलेला शब्द

फ्लॉइड लिटल कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा. जन्म ४ जुलै १९४२. घरची परिस्थिती हलाखीची. पुढे तो बॉर्डनटाउन मिलिटरी इन्स्टिट्यूट या शाळेत गेला आणि तिथे चमकला. त्याच्यामागे नोत्र दाम होतं, लष्कराची वेस्ट पॉइंट अकादमी होती. वेस्ट पॉइंटकडून त्याला पटवायला जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्याशी भेट घालून दिली होती, असं लिटल सांगायचा.

लिटलने आयुष्यभर असंख्य वेळा सांगितलेला किस्सा असा. हिवाळ्यात एका बर्फाच्या रात्री सिराक्यूजची मंडळी त्याच्या घरी आली. सोबत अर्नी डेव्हिस. हाइझमन विजेता माणूस आपल्या घरात, यानेच लिटल गांगरला होता. सगळे जेवायला बाहेर गेले. तिथे डेव्हिसने त्याला बाजूला, रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात नेलं आणि दोघं बराच वेळ बोलत राहिले. डेव्हिस फुटबॉलबद्दल फारसं बोलला नाही, शिक्षणाबद्दल बोलला. लिटलने शब्द दिला, येतो म्हणाला. मनात मात्र अजून वेस्ट पॉइंट घोळत होतं. डेव्हिस आजारी आहे, हे त्याला माहीतच नव्हतं.

काही महिन्यांनी डेव्हिस गेल्याची बातमी आली. लिटलने श्वार्ट्झवॉल्डरना फोन केला आणि सिराक्यूजला येतोय असं सांगितलं.

१९६४ मध्ये ४४ घालून तो उतरला आणि कॅन्ससविरुद्धच्या सामन्यात त्याने पाच टचडाउन केले. समोरच्या संघात गेल सेयर्स होता, पुढे स्वतःच दंतकथा बनलेला खेळाडू. तीन मोसमांत लिटलचे २,७०४ यार्ड झाले. म्हणजे ब्राउनचा आकडा डेव्हिसने मागे टाकला, डेव्हिसचा लिटलने. सलग तीन वर्षं तो ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक खेळाडूंच्या संघात होता.

१९६७ मध्ये तो डेन्व्हर ब्रॉन्कोजमध्ये गेला. हा तेव्हा हरणारा, लोकांना फारसा माहीत नसलेला संघ. पहिल्या फेरीत निवडलेल्यांपैकी त्यांच्याकडे खरोखर आलेला लिटल हा पहिला खेळाडू, कारण आधीचे सगळे दुसरीकडे गेले होते. संघ डेन्व्हरमध्ये टिकला तो लिटलमुळे, असं तिथले लोक मानतात. त्याचं टोपणनावच पडलं 'द फ्रँचायझी'. १९७१ मध्ये १,१३३ यार्ड काढून तो लीगमध्ये अव्वल ठरला. १९७५ ला निवृत्त झाला आणि प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळायला २०१० उजाडलं. पस्तीस वर्षं! डेन्व्हरनेही ४४ नंबर त्याच्या नावाने बंद केला. पुढे लिटल सिराक्यूजमध्ये क्रीडा विभागात कामाला परतला. १ जानेवारी २०२१ ला, ७८ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

श्वार्ट्झवॉल्डर आणि नऊ जण

तीन कृष्णवर्णीय खेळाडूंनी विद्यापीठाचं नाव मोठं केलं म्हणून विद्यापीठ सुधारलं, असा अर्थ कुणी काढला तर तो चुकीचा ठरेल. लिटल गेल्यानंतर चारच वर्षांनी, १९७० मध्ये, सिराक्यूजच्या नऊ कृष्णवर्णीय खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. त्यांच्या मागण्या ऐकल्या तर आज आश्चर्य वाटेल: प्रशिक्षकांमध्ये एक तरी कृष्णवर्णीय हवा, जखमी झाल्यावर नीट उपचार हवेत, अभ्यासात गोऱ्या खेळाडूंसारखीच मदत हवी, संघातली जागा खेळावरून ठरावी. प्रशिक्षक तेच, श्वार्ट्झवॉल्डर. मध्यस्थीसाठी जिम ब्राउन आला, पण तोडगा निघाला नाही. त्या खेळाडूंपैकी बहुतेकांचं फुटबॉल तिथेच संपलं. वर्तमानपत्रांनी चुकून 'सिराक्यूज एट' म्हटलं आणि नऊ जण असूनही तेच नाव राहिलं. विद्यापीठाने माफी मागितली २००६ मध्ये.

४४ वर बनलेल्या सिनेमात हे काहीच येत नाही. २००८ चा 'द एक्स्प्रेस' हा डेव्हिसवरचा सिनेमा भावुक करतो, पण इतिहास म्हणून बघायचा नाही. त्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या मैदानावर प्रेक्षक डेव्हिसवर वस्तू फेकतात, शिव्या देतात असा मोठा प्रसंग आहे. प्रत्यक्षात १९५९ चा तो सामना सिराक्यूजमध्येच झाला होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या लोकांनी यावर रीतसर नाराजी व्यक्त केली, आणि ती योग्यच होती. खऱ्या घटना पुरेशा असताना खोटी जोडायची गरज नव्हती.

त्याच वर्षी विद्यापीठात डेव्हिसचा पुतळा बसवला गेला, आणि लोकांच्या लक्षात आलं की पुतळ्याच्या अंगावर नायकीचं चिन्ह आहे. नायकी हे नाव बाजारात आलं १९७१ मध्ये, म्हणजे डेव्हिस गेल्यावर आठ वर्षांनी. मग पुतळा दुरुस्त करावा लागला.

लिटलनंतर कुणी घातला?

बऱ्याच जणांनी. एकूण दोन डझनांच्या आसपास खेळाडूंनी सिराक्यूजमध्ये ४४ घातला आहे. त्यातलं मायकल ओवेन्स हे नाव तिथले जुने प्रेक्षक विसरत नाहीत. १९८७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी सिराक्यूजने टचडाउन केला, तरी एक गुण कमी पडत होता. एका गुणाची किक मारून बरोबरी साधायची, की चेंडू पुन्हा आत नेऊन दोन गुणांसाठी जायचं? संघ दोन गुणांसाठी गेला. चेंडू ओवेन्सकडे आला, तो आत घुसला आणि सिराक्यूज ३२-३१ ने जिंकलं. त्या मोसमात सिराक्यूज एकही सामना हरलं नाही.

शेवटचा ४४ म्हणजे रॉब कॉनराड, १९९५ ते १९९८. पुढे तो मायामी डॉल्फिन्सकडून खेळला. निवृत्तीनंतर जानेवारी २०१५ मध्ये फ्लोरिडाच्या समुद्रात एकटाच बोट घेऊन गेला असताना तो पाण्यात पडला आणि बोट स्वयंचलित असल्यामुळे तशीच पुढे निघून गेली. कॉनराड जवळपास १६ तास पोहत किनाऱ्याला लागला. त्याचा जर्सीशी काही संबंध नाही, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय कुणीही कॉनराडबद्दल बोलत नाही.

गंमत म्हणजे सिराक्यूजच्या इतिहासात सगळ्यात जास्त यार्ड पळालेल्या खेळाडूने ४४ घातलाच नव्हता. त्याचं नाव जो मॉरिस, यार्ड ४,२९९ आणि नंबर ४७. पण ४७ चा पिनकोड कुणी मागितला नाही.

१२ नोव्हेंबर २००५ ला साउथ फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यात विद्यापीठाने ४४ नंबर अधिकृतपणे निवृत्त केला. आपल्याकडे सचिनचा १० नंबर घालून शार्दुल ठाकूर २०१७ मध्ये खेळला तेव्हा सोशल मीडियावर केवढा गदारोळ झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. तिथे प्रश्न एका खेळाडूचा होता. सिराक्यूजमध्ये नंबर एकाचा नव्हता, तो एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला दिलेला होता. त्यामुळे तो बंद केल्यावर उलटाच वाद सुरू झाला: आता चौथा कुणी होणारच नाही का? चांगल्या मुलांना विद्यापीठाकडे खेचायला ४४ सारखं दुसरं आमिष नव्हतं, असं म्हणणारे बरेच होते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. लिटल स्वतः आला तो डेव्हिसमुळे, डेव्हिस आला तो ब्राउनमुळे.

मे २०१५ मध्ये ४४ नंबर परत वापरात आणणार अशी बातमी बाहेर आली. लोक खूश झाले, काही भडकले, आणि लगेचच विद्यापीठाने खुलासा केला की असा अंतिम निर्णय झालेला नाही. पुढच्या वर्षी 'प्लाझा ४४' नावाचा चौक उभा राहिला. तिथे ब्राउन, डेव्हिस आणि लिटल यांचे ब्राँझचे पुतळे शेजारी शेजारी आहेत, तिघांच्याही अंगावर एकच नंबर. नंबर मात्र बंदच राहिला.